टेबल बुक करा

माझं दुसरं लग्न जमावं म्हणून काकांनी माझी वेबसाईट काढली, तेव्हा तिच्या माथ्यावर शेफची टोपी होती. ती काढता आली नसती का, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "टोपी काढली तर खालचं बटण वर सरकतं आणि थेट तुझ्या तोंडावर बसतं. त्यापेक्षा टोपी बरी गो."

त्यांचा दोष म्हणाल तर इतकाच, की त्यांना एकच साचा येत होता. कोड न लिहिता वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर असतं, सीएमएस म्हणतात त्याला. त्यात तयार साचे मिळतात. दवाखान्याचा, शाळेचा, सोनाराच्या दुकानाचा. आपण एक निवडायचा, त्यातले फोटो आणि मजकूर बदलायचा, की झाली साईट. काकांनी पहिली साईट केली ती काकूंच्या मालवणी मसाल्याची. त्यासाठी त्यांनी रेस्टॉरंटचा फुकट मिळणारा साचा घेतला आणि तो त्यांच्या अंगवळणी पडला. पुढे त्यांनी ज्या ज्या कशाची साईट केली, ती आतून रेस्टॉरंटच राहिली. वर टोपी, मध्ये 'आमची खासियत', त्याखाली 'आमचे शेफ', आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक लालभडक बटण: 'टेबल बुक करा'.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. कुवेतमध्ये अबू हलीफाला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. मी लातूरकडची, फिंतासच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. ते कुडाळचे, एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर, साठीला टेकलेले. बुटके, पोट पुढे, आणि आवाज असा की खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही मागितलं तर वरच्या मजल्यावर कळावं. घरात काकूंशी मालवणी, माझ्याशी कुडाळी वळणाची शुद्ध मराठी, आणि बाहेर सगळ्या जगाशी एक खास हिंदी, जिच्यात मधून मधून 'खलास' आणि 'इन्शाल्ला' पेरलेलं असे.

वेबसाईटचा नाद त्यांना एका रमजानात लागला. ऑफिस दुपारी लवकर सुटायचं, बाहेर ऊन रणरणत असायचं, आणि काकू झोपलेल्या. मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता त्यांना कुणीतरी हिंदीत समजावणारा सापडला. ईदपर्यंत मसाल्याची साईट उभी राहिली. काकूंचा फोटो 'आमचे शेफ'च्या जागी होता, आणि ती टोपी काय ती एकट्या काकूंनाच शोभली.

साईट करायला बसायचं म्हणजे त्यांचं एक शास्त्र होतं. आंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते लॅपटॉपपुढे बसत. खाली लुंगीच असे. शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. "अगो, उद्या जग बघणार ही साईट," ते म्हणाले. 'प्रकाशित करा' हे बटण दाबायच्या आधी कॅलेंडरवर राहुकाळ बघायचे. पूर्वदृश्य नावाची एक सोय असते, लोकांना दाखवण्याआधी आपण बघून घ्यायची. ती त्यांनी कधी वापरली नाही. त्यांचं म्हणणं असं, की एकदा मांडव घातला की लोक बघणारच, आपण आधी चोरून कशाला बघायचं. आणि काम चालू असताना तोंडानं एकच जप: "ओढायचं आणि सोडायचं. काय नाय त्यात. ओढायचं आणि सोडायचं."

मला त्यांच्याबरोबर बाहेर जायची लाज वाटायची. हे मी गुळमुळीतपणे सांगत नाही; खरंच वाटायची. जमियात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, भाजी घेताना ते साईटचा पत्ता छापलेल्या चिठ्ठ्या वाटत. रांगेतल्या कुवेती आजोबांनाही देत, टोमॅटोचं वजन करणाऱ्यालाही देत. आणि लिफ्ट. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट हळू, आणि तिच्यात नेहमी कुणी ना कुणी असायचंच. काका दार बंद झालं की बोलायला सुरुवात करत. "बाय, काल परत मूळव्याधीनं जीव नकोसा केला." बाकीच्यांना मराठी कळत नाही असं त्यांना वाटे. निम्म्या बिल्डिंगला कळत होती. मी चपलांकडे बघत उभी राहायची.

"काका, हळू बोला ना," मी एकदा म्हणाले.

"का? कोणाची चोरी केलीय?"

मी मूळची अशीच आहे. बोलण्याआधी कोण ऐकतंय ते बघणारी. आमच्या घरात सगळेच तसे.

ती लिफ्ट एका उन्हाळ्यात बंद पडली, तेव्हा काकांनी तिची साईट काढली. 'अस्सल चवीची परंपरा' हे वाक्य साच्यातच होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं, आणि त्याखाली बंद लिफ्टचे फोटो. 'आमची खासियत'मध्ये 'दार अर्धे उघडते', 'तिसऱ्या मजल्यावर अडकते' अशी यादी. साच्याला प्रत्येक पदार्थापुढे किंमत लागते, ती रिकामी सोडता येत नाही. म्हणून काकांनी सगळ्यांपुढे दिनाराची तिन्ही दशांश स्थळं भरून ०.००० टाकलं होतं. मालकाच्या माणसाला त्यांनी ती साईट पाठवली. लिफ्ट दुरुस्त झाली ती उन्हाळा संपल्यावर, आपली आपण.

गणपतीच्या समितीचीही साईट त्यांनीच केली. सीएमएसमध्ये प्रत्येकाला अधिकार वेगळे देता येतात. कुणी नुसतं लिहायचं, कुणी तपासायचं, आणि सगळं बदलायचा हक्क एकाला. काकांना हे पटेना. "एकाला प्रशासक आणि दुसऱ्याला नुसता लेखक म्हटलं, तर दुसरा वर्गणी देईल काय?" म्हणून त्यांनी समितीतल्या झाडून सगळ्यांना प्रशासक करून टाकलं. मग रोज सकाळी साईट उघडली की अध्यक्षांच्या जागी नवा फोटो. शेवटी विसर्जनाच्या दिवशी तिथे कुणाच्या तरी मोटारीचा फोटो होता, डोक्यावर टोपी.

आणि एकदा तर कहर झाला. त्यांच्या कंपनीतले एक जुने फोरमन वारले. शव गावी गेलं, इथे शोकसभा ठेवायची ठरली. काकांनी साईट काढली. फोटोला हार, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि त्याखाली ते लाल बटण. मी हात जोडले. म्हटलं, "काका, निदान हे तरी काढा." ते म्हणाले, "असू दे, किती माणसं येणार ते तरी कळेल." माणसांनी खरोखर टेबलं बुक केली. एकानं 'विशेष सूचना'च्या रकान्यात लिहिलं होतं, चहात साखर कमी. सभेत मी मागच्या रांगेत, भिंतीला चिकटून बसले. काकू थर्मासमधून चहा ओतत होत्या आणि काका मोठ्यांदा विचारत होते, "बिनसाखरेचा कोणाचा?"

आता माझं.

माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. काय झालं ते इथे सांगत बसत नाही. निकाल लागल्यावर मी या नोकरीसाठी अर्ज केला आणि एकटी इथे आले. बाबा आमच्या तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होते, निवृत्त झालेत. त्यांनी गावात सांगितलं की लेक आणि जावई दोघंही कुवेतला गेले. एकदा सांगितल्यावर ते चालवावं लागलं, आणि चालवायला मी मदत केली. सुट्टीवर जाणाऱ्या ओळखीच्या माणसांबरोबर मी जावयाच्या नावानं वस्तू पाठवायची. अत्तर, खजूर, आईला शाल. एकदा बाबांना मनगटी घड्याळ पाठवलं. बाबा ते घालून चावडीवर जात आणि कुणी वेळ विचारायची वाट बघत. हे मला आईनं हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे जवळच्याच गावचे, शेतीवाडी असलेले, माणसं चांगली. बाबांचा शुक्रवारी सकाळी फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, हवा विचारली, मग म्हणाले, "माय, तू कशाला एवढ्या लांबून येतीस. सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगू." मी म्हटलं, बरं. पुढे ते म्हणाले, "एकटी दिसलीस की लोक विचारतील बघ." मी परत म्हटलं, बरं. त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.

त्या दिवशी जेवताना मी काका-काकूंना सगळं सांगितलं. कुवेतमध्ये पहिल्यांदाच कुणाला तरी. काकूंनी माझ्या पानात सुरमईची तुकडी वाढली आणि माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून बसल्या. काका जेवत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत, हेच मुळात नवल होतं.

"म्हणजे सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तू जाणार नाहीस," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"कशासाठी? तर कोणी विचारलं, जावई कुठे आहे?"

"हो."

"मग सांगायचं ना, जावई नाही म्हणून."

"तसं नसतं काका."

"कसं असतं मग?"

"तू गप रव," काकू म्हणाल्या. "तिका जेवू दे."

ते गप राहिले. मला वाटलं, विषय संपला. दोन-चार दिवस त्यांच्या खोलीतून ओढायचं आणि सोडायचं ऐकू येत होतं, पण ते तर नेहमीचंच. पुढच्या शुक्रवारी राहुकाळ टळल्यावर त्यांनी पांढरा शर्ट घातलेला मी पाहिला आणि मी मासळी आणायला निघून गेले.

रविवारी दवाखान्यात गेले, तर पुण्याच्या डॉक्टरीणबाई माझी वाट बघत होत्या. एरवी त्या माझ्याशी रिपोर्टांपलीकडे बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि मोबाइल पुढे केला. "छान केलीय हो साईट," त्या म्हणाल्या. "फक्त फोटो जरा बरा हवा होता."

फोटो माझ्या इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावरचा होता, चांगला हातभर मोठा केलेला. वर टोपी. खाली 'अस्सल चवीची परंपरा'. मग 'आमची खासियत'.

'वय चौतीस, प्रकृती उत्तम: ०.०००. रक्त काढते, दुखत नाही: ०.०००. ज्वारीची भाकरी: ०.०००. स्वभाव शांत, कधी कधी जास्तच: ०.०००. घटस्फोटित. चूक तिची नाही, आम्ही दोघांनी ऐकून खात्री करून घेतली आहे: ०.०००.'

आणि त्याखाली, मुलीकडच्यांना भेटायला वेळ ठरवावी म्हणून, टेबल बुक करा.

डॉक्टरीणबाई काहीतरी समजुतीचं बोलत होत्या. मला फक्त ती शून्यं दिसत होती. दिवसभर मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधत होते, शिरा शोधत होते, आणि समोर बसलेल्या प्रत्येकानं ते वाचलं असणार असं मला वाटत होतं. एका इजिप्शियन बाईंनी विचारलं, पट्टा परत का सोडतेयस. मराठीतली साईट त्यांनी वाचली असणं शक्य नव्हतं, तरी माझे कान तापले.

संध्याकाळी घरी गेले तर काका दारातच उभे. "बघितलीस? तुझ्या वाढदिवसाला द्यायची होती, पण म्हटलं तोवर कशाला थांबा."

मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, लग्न मोडलं तेव्हाही नाही. त्या दिवशी ओरडले. ते तसेच उभे राहिले, लहान पोराला कळू नये आपण काय मोडलं तसे.

"यात खोटं काय आहे ते सांग," ते म्हणाले. "एक शब्द दाखव खोटा."

"खोटं नाही म्हणूनच तर. तुम्हाला सांगितलं होतं ना, गावाकडं कुणाला माहीत नाही."

"गावाकडं कोण बघतंय? पत्ता कुवेतचा टाकलाय की खाली."

ते मनापासून बोलत होते. इतक्या साईट काढल्या, तरी त्यांच्या लेखी वेबसाईट म्हणजे दुकानाची पाटी होती; ज्या रस्त्यावर लावली, त्या रस्त्यावरच्यांनी वाचायची. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ नुसते बाण फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढायचं मी कधी शिकलोच नाही गो. घालायचंच शिकलो." काकूंनी कपाळाला हात लावला. आम्ही तिघं त्या पडद्याला डोळे लावून बसलो, आणि शेवटी कुठल्याशा कोपऱ्यात 'मसुद्यात परत टाका' असं लिहिलेलं काकूंनाच दिसलं. काकांनी बाण तिथे नेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. बहिणीचा होता.

फिंतासच्या एका नर्सचं माहेर आमच्याच तालुक्यातलं. तिनं कुणाला तरी पाठवलं, त्यांनी गावच्या ग्रुपवर टाकलं. शुक्रवारी प्रकाशित झालेली मी शनिवारी रात्रीच गावी पोचले होते.

"ताई, रडायलीस का?" बहीण म्हणाली.

"तुझ्या सासरच्यांनी बघितलं?"

"बघितलं."

"मग? काय म्हणाले?"

तिनं तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यायला आधीपासून माहीत होतं ताई. सोयरीक जुळायच्या आधीपासून. गावात सगळ्यायलाच माहीत होतं."

मला वाटलं, मी ऐकण्यात काहीतरी चुकले.

"बाबा त्यायच्या घरी जाऊन बसायचे," ती सांगत होती. "जावयानं हे पाठवलं, जावयाला बढती मिळाली, जावयानं फ्लॅट बघितला. घड्याळ काढून सगळ्यायच्या हातात द्यायचे. अन् ते लोक हातात घेऊन बघायचे, छान आहे म्हणायचे. माझी सासू सांगायली, आम्हाला त्यायच्या तोंडाकडं बघवत नव्हतं."

साईट वाचून आली होती ती लाज मला ओळखीची होती. ही निराळी होती. पाहुण्यांच्या बैठकीत बाबा सतरंजीवर बसलेत, मनगटावरचं घड्याळ सोडवतायत, आणि भोवतालची सगळी माणसं सारं ठाऊक असूनही ते घड्याळ एकमेकांकडे देतायत, हे मला डोळ्यांपुढून हलवता येईना. त्या घड्याळाची पेटी मी स्वतः रंगीत कागदात गुंडाळली होती. जावयाचं नावही मीच लिहिलं होतं, जरा पुरुषी अक्षर काढून.

फोन ठेवला तेव्हा काकांचा बाण त्या 'मसुद्यात परत टाका'वर तसाच थांबलेला होता. "दाबू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या आता. कुणापासून लपवायचं होतं?

मग बाबांचा फोन यायचा बंद झाला. आठवड्यातून दोनदा करणारा माणूस. मी केला तर आई उचलायची आणि म्हणायची, बाहेर गेलेत. आई रागावली नव्हती, पण तिचा आवाज बसला होता. गावात बाबा चावडीवर जात नाहीत, घड्याळ कपाटात ठेवलंय, एवढं बहिणीनं कळवलं. लग्न जवळ येत चाललं होतं. मी सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला होता, दिला नव्हता. न बोलावता जायचं कसं, हा एकच प्रश्न होता, आणि बोलावणारा माणूस बोलत नव्हता.

इकडे साईटवर मात्र बुकिंग येत होती. त्या साईटवरून माझं लग्न जमलं नाही, हे सांगून टाकते. आली ती बहुतेक खरोखर जेवायला येऊ बघणारी माणसं. एका कुटुंबानं चार जणांसाठी समुद्राकडचं टेबल मागितलं होतं. रुमैथियाहून कुणी विचारलं, भाकरीबरोबर पिठलं मिळेल का. काका प्रत्येकाला उत्तर लिहीत, की हे हॉटेल नाही, ही मुलगी आहे. आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं होतं. लिफ्टमध्येसुद्धा ते माझ्याबरोबर असले की गप्प राहत, आणि ते मला जास्तच अवघड व्हायचं.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. काका लॅपटॉप दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आले. अंगात बनियन, शर्ट नाही. त्यांनी लॅपटॉप ओट्यावर पिठाशेजारी ठेवला, माझ्याकडे वळवला, आणि काही न बोलता कॅलेंडरपुढे जाऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडे.

बुकिंगचा अर्ज होता. नावाच्या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'निवृत्त मुख्याध्यापक'. आयुष्यभर शाळेचे तक्ते भरलेला माणूस, एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. दिनांक: बहिणीच्या लग्नाचा. वेळ: सकाळी, हळदीच्या आधी. किती व्यक्ती: एक.

विशेष सूचना: 'घड्याळ तू पाठवलेले आहे, हे आज सोयऱ्यांकडे स्वतः जाऊन सांगून आलो. लग्नाला एकटी ये. कोणी विचारले तर मी सांगेन.'

तव्यावरची भाकरी करपली. काकू आल्या, त्यांनी गॅस बंद केला, आमच्या दोघांकडे बघितलं आणि बाहेर गेल्या. काका अजून कॅलेंडरच वाचत होते, आणि त्यांच्या मानेपासून कानापर्यंतचा सगळा भाग लाल झालेला होता. शोकसभेत बिनसाखरेचा चहा पुकारणारा हा माणूस, मला वाटायचं की ह्यांच्यात लाज घालायचीच राहून गेलीय.

"मी वाचलं नाही," ते भिंतीशी बोलले. मग थोड्या वेळानं, "अर्धं वाचलं."

"काका."

"माझ्याकडंच येतं ना सगळं, म्हणून दिसलं. बाय, तुझं माणूस तुझ्याशी बोलत होतं, मी मध्ये कशाला." त्यांनी बनियनची कड ओढून सारखी केली. "मान्य आणि अमान्य अशी दोन बटणं आहेत खाली. काय ते तूच दाब. मी हात लावणार नाही."

माझी बोटं पिठाची होती. मी तशीच 'मान्य' दाबलं. लॅपटॉपवर पिठाचा ठसा उमटला.

मान्य केलं की बुक करणाऱ्याला आपोआप एक उत्तर जातं. ते काकांनी मसाल्याच्या वेळी कधीतरी मराठीत करून ठेवलं होतं आणि नंतर विसरून गेले होते. बाबांना गेलं ते असं: 'धन्यवाद. आपले टेबल राखून ठेवले आहे. कृपया वेळेवर यावे, पंधरा मिनिटांनंतर टेबल दुसऱ्यांना देण्यात येईल.' वर टोपी.

काका-काकू आता कुडाळला असतात. इकामा पुढे वाढला नाही, तेव्हा एका महिन्यात सगळं आवरून गेले. साईटच्या जागेचं वर्षाचं भाडं भरायचं राहिलं आणि त्या सगळ्या एकदम नाहीशा झाल्या. मसाला, लिफ्ट, गणपती, फोरमन आणि मी. फोनवर विचारलं तर म्हणाले, "परत काढू की. ओढायचं आणि सोडायचं."

लग्नाला मी गेले. हळदीच्या आधी पोचले. बाबा मांडवाच्या दारात पाहुण्यांना गंध लावायला उभे होते, हातात घड्याळ. त्यांनी मला शेजारी उभं केलं. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे बघायचा, आणि त्यातले काही जण, सारं माहीत असूनही, सवयीनं विचारायचे, जावई दिसत नाहीत. दर वेळी माझी मान खाली जायची. मी मांडवात अंथरलेल्या जाजमाकडे बघत राहायची, लिफ्टमध्ये चपलांकडे बघायची तशी. बाबांनी माझा दंड धरून ठेवला होता, आणि दर प्रश्नाला त्यांची पकड घट्ट व्हायची, म्हणजे लाज त्यांनाही वाटत होती. "जावई नाही," ते म्हणत, "लेक आली आहे." प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि लिफ्टमधल्या काकांइतक्याच मोठ्यानं.